पणजोबाचा आकडा आहे, नाव नाही!

सध्या आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक समज जोरात फिरतो आहे. १९३१ च्या जनगणनेत प्रत्येक घराची जातीसह नोंद आहे, ती काढली की पणजोबाचे नाव सापडते आणि जात पडताळणीची कटकट कायमची मिटते, असा तो समज. 'जुन्या जनगणनेचा उतारा' मिळवून देतो म्हणून पैसे घेणारे दलालही त्यातून तयार झाले आहेत.

आम्ही सोलापुरात बुधवार पेठेपासून सेटलमेंटपर्यंत आणि मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंत लोकांना जुनी कागदपत्रे शोधायला मदत करतो. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: असा उतारा मिळत नाही. १९३१ च्या जनगणनेत तुमचा पणजोबा आहे, पण तो आकड्यात आहे. त्याचे नाव नाही, त्याच्या बापाचे नाव नाही, त्याच्या बायकोचे तर नाहीच नाही. दलालाला एक रुपयाही देऊ नका.

पण एवढे सांगून आमचे काम संपत नाही. खरा प्रश्न पुढे आहे. ज्या राज्यव्यवस्थेने दर दहा वर्षांनी आमच्या आजा-पणज्यांच्या दारात येऊन जात विचारली, लिहून घेतली आणि त्यांच्या नावाचा कागद फेकून दिला, तीच व्यवस्था आज आमच्या पोरांना विचारते: तुझ्या पणजोबाच्या जातीचा कागद कुठे आहे? या प्रश्नावर आमच्या समाजाने मान खाली घालून उभे राहायचे की उलट प्रश्न विचारायचा, हा या लेखाचा विषय आहे.

माणूस मोजला, नाव फेकले

मुंबई इलाख्यात १८७२ ला जनगणना झाली. १८८१ पासून ती देशभर दर दहा वर्षांनी होऊ लागली. १९३१ ला जातवार तक्ते शेवटचे सविस्तर छापले गेले. १९४१ ला युद्ध आले आणि जातीचे तक्ते पूर्ण झालेच नाहीत. स्वतंत्र भारताने १९५१ ला अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांची जात मोजणे बंद केले.

या सगळ्यात माणसाच्या नावाचे काय व्हायचे? गणकाने घरोघरी जाऊन माहिती लिहायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही माहिती प्रत्येक माणसामागे एक अशा छोट्या चिठ्ठीवर उतरवली जाई. त्या चिठ्ठ्या जात, धर्म, वय, धंदा अशा खणांत वाटायच्या, मोजायच्या आणि बेरजा मांडायच्या. बेरीज अहवालात गेली, अहवाल छापून झाला आणि चिठ्ठ्यांची विल्हेवाट लागली. सरकारला आमची संख्या हवी होती, आमची ओळख नको होती.

१९४८ च्या जनगणना कायद्याने उरलेला दरवाजाही बंद केला. त्या कायद्याचे कलम १५ सांगते की जनगणनेच्या नोंदवह्या पाहण्याचा कोणालाही हक्क नाही आणि त्यांतली नोंद दिवाणी किंवा फौजदारी कामात पुरावा म्हणून चालत नाही. माहिती गुप्त राहावी हा त्यामागचा हेतू चांगला आहे. लोक खरे सांगतील, पोलीस किंवा सावकार त्या माहितीचा वापर करणार नाहीत, म्हणून ही गुप्तता हवीच. पण जिवंत माणसाची माहिती गुप्त ठेवणे वेगळे आणि शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे नाव कायमचे पुसणे वेगळे. अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. १९५० च्या जनगणनेचे कागद १ एप्रिल २०२२ ला खुले झाले. इंग्लंडने १९२१ ची जनगणना शंभर वर्षांनंतर, जानेवारी २०२२ मध्ये खुली केली. म्हणजे जे इंग्रज आपल्या देशात आपल्या माणसांची नावे जपून ठेवत होते, त्यांनीच इथे आमच्या माणसांच्या फक्त बेरजा ठेवल्या. आणि नंतर आलेल्या स्वदेशी सरकारला त्यात काही चुकीचे वाटले नाही.

मग जनगणना निरुपयोगी आहे का? मुळीच नाही

इथे काही मित्र घाई करतात. 'जनगणना हा इंग्रजांचा डाव होता, तिने जाती घट्ट केल्या, आपल्याला तिचे काय?' असे म्हणतात. बाबासाहेबांनी असा विचार कधीच केला नाही. त्यांनी जनगणनेच्या अहवालांचा जितका बारीक अभ्यास केला तितका त्या काळातल्या फार थोड्या पुढाऱ्यांनी केला असेल.

१९११ च्या जनगणनेत आयुक्त गेट यांनी काही कसोट्या लावून अस्पृश्यांना इतर हिंदूंपासून वेगळे मोजण्याचा प्रयत्न केला. कोणाला देवळात प्रवेश नाही, कोणाचा स्पर्श विटाळ मानला जातो, कोणाकडे ब्राह्मण पुरोहित जात नाही, अशा त्या कसोट्या. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या नोंदींचा पुरावा म्हणून उपयोग केला. १९३२ ला लोथियन समितीसमोर मताधिकाराचा प्रश्न आला, तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतले सवर्ण पुढारी अचानक सांगू लागले की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. काल लाखांनी असलेले अस्पृश्य, प्रतिनिधित्व देण्याची वेळ येताच हवेत विरले! बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते आणि त्यांनी या लबाडीवर आपले वेगळे मत नोंदवले. १९५५ ला भाषावार राज्यांवरचे पुस्तक लिहिताना, १९५१ च्या जनगणनेतून जातीचे तक्ते गाळणाऱ्या गृहमंत्र्यांची त्यांनी कडक शब्दांत खिल्ली उडवली. शब्द कोशातून काढला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

म्हणजे हिशेब सरळ आहे. जनगणना ही समाजाच्या संख्येची साक्ष आहे. सत्तेत, शिक्षणात, जमिनीत आपला वाटा किती आणि मिळाला किती, हे तिच्यावरून कळते. पण एका घराची, एका माणसाची साक्ष ती देत नाही. हे दोन पुरावे वेगळे आहेत. त्यांची गल्लत करणारा दलालाच्या हातात सापडतो आणि जनगणना टाळणारा सत्तेच्या.

आपली नावे कोणाच्या वहीत आहेत?

मग पणजोबाचे नाव कुठे सापडते? सोलापूर जिल्ह्यातले कागद चाळताना आमच्या लक्षात एक गोष्ट आली. आपल्या पूर्वजांचे नाव नेमके तिथे लिहिलेले सापडते जिथे त्यांच्याकडून काहीतरी काढून घ्यायचे होते.

पहिली वही वतनाची. महार वतनदारांची नावे, त्यांचे हिस्से, एक मेला की त्याच्या जागी कोणता वारस लागला, हे सगळे वतनाच्या दप्तरात आले. हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यासाठी गावाची रात्रंदिवस चाकरी करायची, सरकारी टपाल वाहायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि त्या चाकरीचा हक्कदार कोण याची मात्र नीट नोंद. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. आज कित्येक कुटुंबांची सगळ्यांत लांब वंशावळ त्याच गुलामीच्या वहीत सापडते. हा योगायोग नाही. सत्तेने जिथे आम्हाला बांधले तिथेच तिने आमचे नाव लिहिले.

दुसरी वही सेटलमेंटची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवले. रोज हजेरी, बोटांचे ठसे, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून रद्द झाला. आज विमुक्तांच्या पोराला सांगतात की तुझ्या आज्याचा जातीचा कागद आण. ज्या सरकारने त्या आज्याचा अंगठा रोज उठवला, त्याने ते रजिस्टर कुठे ठेवले हे मात्र त्या पोरालाच शोधायला लावतात.

तिसरी वही गावची. जन्म-मृत्यूचे रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात जातीचा रकाना असतो. पडताळणीत हा कागद फार वजनदार ठरतो. पण ही वही उघडली की आमच्या पूर्वजांची नावे कशी दिसतात? दगड्या, धोंड्या, कचऱ्या. पुढे बापाचे नाव आणि 'म्हार' किंवा 'मांग'. आडनाव नाही. पाटलाच्या मुलाला 'राव' आणि आमच्या मुलाला 'ड्या'. लिहिणाऱ्याच्या लेखणीतच गावची उतरंड होती. आता पडताळणीच्या टेबलावर विचारले जाते की 'दगड्या' म्हणजे 'दगडू' कशावरून, आणि १९२५ च्या नोंदीत आडनाव का नाही? आडनाव तुम्ही लिहिले नाही म्हणून नाही, साहेब!

चौथी वही शाळेची. दाखल-खारीज रजिस्टर. याचे मोल समजायचे असेल तर साताऱ्याचे उदाहरण पाहा. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर एका मुलाचे नाव चढले: भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते पान जपले म्हणून आज महाराष्ट्र त्या दिवशी विद्यार्थी दिवस पाळतो. एका रजिस्टरच्या एका ओळीत किती मोठा इतिहास असतो! पण किती मुलांना ती ओळ मिळाली? बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह सुरू केले, कारण खेड्यातल्या अस्पृश्य मुलाला शहरात राहून शिकायला जागाच मिळत नव्हती. शाळेची पायरी चढू द्यायची नाही आणि नंतर शाळेचा दाखला मागायचा, ही कोणती नीती?

आणि या चारही वह्यांत आमच्या पणज्या कुठे आहेत? वतनात पुरुष, शाळेत मुलगे, वंशावळीत बाप आणि बापाचा बाप. पडताळणीत रक्तसंबंध विचारतात तेही वडिलांकडचे. यल्लम्माला सोडलेल्या बाईच्या लेकराने कोणाचे नाव सांगायचे? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव बंधनकारक झाले, हे चांगले झाले. पण जुन्या वह्यांतली ती शांतता त्याने भरून येत नाही. स्त्रीमुक्तीचे नाव घेणाऱ्या आपल्या चळवळीनेही आईकडची वंशावळ किती घरांत लिहून ठेवली आहे, हे स्वतःला विचारावे.

दुसरीकडे, ज्यांच्याकडे दान द्यायला होते त्यांची वंशावळ इतरांनी जपली. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिल्या गेल्या. आपल्या सीमाभागात हेळवी येऊन घरांच्या पिढ्या म्हणून दाखवत आणि धान्य घेऊन जात. ज्याच्या घरी उपाध्याय पाऊल टाकत नव्हता त्याची पिढी कोण लिहिणार होते? तेव्हा 'तुमच्याकडेच कागद का नाहीत?' हा प्रश्न निरागस नाही. कागद असणे हीसुद्धा जातीने वाटलेली मालमत्ता आहे.

सोलापूरची अडचण तिप्पट

सोलापूरच्या माणसाला हा शोध आणखी अवघड जातो. १८७७ ला इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढच्या काळात चहूबाजूंनी माणसे कामाला आली. कोणी विजापूरच्या इंडी भागातून आले, कोणी उस्मानाबादकडून, कोणी अक्कलकोट संस्थानातून. विजापूर जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. म्हणजे १९५० साली इंडीहून सोलापुरात आलेला मजूर एकाच राज्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा बदलली आणि त्याचे मूळ गाव परराज्यात गेले. माणूस जागचा हलला नाही, सीमा हलली. भुर्दंड मात्र त्याच्या नातवाला.

कागदांची भाषाही एक नाही. इंग्रजी मुलखातल्या जुन्या वह्या मोडी लिपीत. निजामाकडच्या गावांत उर्दू. विजापूरकडे कानडी. अक्कलकोट हे संस्थान आणि मंगळवेढा सांगली संस्थानचा तालुका, त्यामुळे त्यांचे दप्तर वेगळे. पदवीधर तरुणाला स्वतःच्या पणजोबाचे नाव समोर असूनही वाचता येत नाही. मग मोडी वाचणाऱ्याला पानामागे पैसे मोजा. कागद आपला, नाव आपले, आणि वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे.

सहा महिन्यांचा खेळ

जनगणनेतून नावानिशी यादी एकदाच निघाली. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावोगावी नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार केले गेले. घर, माणसाचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, धंदा, असे त्यात आहे. महाराष्ट्रात काही अभिलेख कक्षांत ते अजून आहे. पूर्वज शोधणाऱ्याला जनगणनेच्या सगळ्यांत जवळचा कागद हाच.

पण अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक कोणता? १० ऑगस्ट १९५०. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिनांकापूर्वीचा पुरावा मागतात. नावानिशी यादी झाली फेब्रुवारी १९५१ च्या सुमारास. म्हणजे आमच्यासाठी सहा महिने उशिरा! ज्या एकमेव यादीत गावकुसाबाहेरचा भूमिहीन, निरक्षर माणूसही आपल्या नावाने उभा आहे, तीच तारखेच्या उंबरठ्यावर अडते. सहा महिन्यांपूर्वी आमचा पणजोबा दुसऱ्या जातीत जन्मला होता काय?

याच रजिस्टरची दुसरी बाजूही विसरू नका. आसामात याच १९५१ च्या नोंदवहीला आधार धरून नागरिकत्वाची छाननी झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली. ज्या कागदाने हक्क मिळतो त्याच कागदाच्या अभावी माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून हा विषय केवळ शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा नाही.

शासनाला शोधता येते, हे सिद्ध झाले आहे

जात पडताळणीच्या २००० च्या कायद्याचे कलम ८ सांगते की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. पडताळणीला आमचा विरोध नाही. खोट्या प्रमाणपत्रांवर आपल्या राखीव जागा लुटणारे कमी नाहीत, त्यांना तुरुंगात घातलेच पाहिजे. पण पुरावा ज्याच्या ताब्यात आहे त्याने हात बांधून बसायचे आणि ज्याला कधी पुरावा मिळूच दिला नाही त्याने गावोगाव हिंडायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

'शासन एवढे जुने कागद कसे शोधणार?' असे उत्तर मिळत असे. ते उत्तर आता चालणार नाही. २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी अख्खी यंत्रणा कामाला लागली. महसूल, शिक्षण, भूमी अभिलेख, कारागृह, पोलीस, दुय्यम निबंधक, सगळ्यांची कपाटे उघडली. १९५१ चे नागरिकांचे रजिस्टर त्या यादीत होते. मोडी वाचक बसवले, पाने स्कॅन केली, लाखो नोंदी सापडल्या. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेत गावपातळीवर चौकशी समिती आणली. ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही त्याच्यासाठी प्रतिज्ञापत्राची सोय केली.

त्या निर्णयाच्या गुणदोषांचा वाद इथे करत नाही आणि मराठा समाजातल्या गरीब पोरांशी आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न शासनाला आहे. कपाटे उघडायची इच्छा झाली की ती उघडतात, हे तुम्ही स्वतः दाखवून दिले. मग पारध्याच्या पोरासाठी, मांग-गारुड्याच्या पोरीसाठी, हाडोळ्याचा तुकडाही हातातून गेलेल्या नवबौद्धासाठी ती का उघडत नाहीत? मोर्चा लाखांचा असेल तर शासन शोधणार आणि पालावरचे एकटे कुटुंब असेल तर अर्जदाराने शोधायचे, असा नियम आहे काय?

आपल्याच माणसांशी दोन शब्द

आपल्यातले काही जण म्हणतात, 'आम्ही बौद्ध झालो. १४ ऑक्टोबर १९५६ ला जात टाकली. आता जुनी जात कशाला उकरता?' भावना आम्हाला कळते. पण धर्मांतराने आम्ही जातीची मान्यता नाकारली, आमच्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा नाही. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडले. त्या ३४ वर्षांत किती पिढ्या होरपळल्या, हे विसरायचे का? १९५१ ला आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध जेमतेम काही हजार होते, १९६१ ला ते २७ लाखांवर गेले. ती उडी जगाला दिसली ती जनगणनेमुळे, कारण आपल्या माणसांनी गणकासमोर छाती पुढे करून 'बौद्ध' सांगितले.

दुसरे काही जण उलट टोकाला जातात. पैसे भरून थुंकी परदेशी प्रयोगशाळेत पाठवतात, नाहीतर कुळाचा राजवंश शोधून काढतात. आमचे मूळ अमुक राजाचे, आम्ही मुळात क्षत्रिय. कशासाठी? राजाचे वंशज निघालो तरच माणूस म्हणून मान मिळणार असेल तर तो मान बाबासाहेबांच्या विचारातला नाही. वंशाच्या उंचीवर माणसाची किंमत ठरवणे म्हणजेच जात. आपण पूर्वज शोधायचे ते मिरवण्यासाठी नव्हे, साक्षीला उभे करण्यासाठी. कोतवाल बुकातला दगड्या आम्हाला कोणत्याही राजापेक्षा जवळचा आहे. त्याने गाव झाडले, गिरणीत तुकडे खाल्ले आणि पोराला शाळेत घातले, म्हणून आज आम्ही लिहितो आहोत.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडून हे शिकण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी १९४६ ला डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही लढ्यांचे नाते जोडले होते. तिकडे १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली जाई. मालकाचे नाव लिहिलेले, आणि खाली गुलामांचे फक्त वय, लिंग आणि रंग. नाव नाही! गुलामी संपल्यावर १८७० च्या जनगणनेत ते पहिल्यांदा सरसकट नावाने आले. म्हणून तिकडचे संशोधक आपल्या शोधात १८७० ची भिंत लागते असे म्हणतात. पण ते भिंतीपाशी रडत बसले नाहीत. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी काढलेल्या सरकारी कार्यालयाचे कागद, मजुरीचे करार, विवाहनोंदी, मालकांची मृत्युपत्रे, चर्चची रजिस्टरे त्यांनी एकेक करून धुंडाळली आणि भिंतीपलीकडची नावे परत आणली. शोषकाच्या वहीतून शोषिताचे नाव काढणे, हा त्यांनी लढ्याचा भाग केला.

काय करायचे?

आता कामाचे बोलू. प्रत्येक वस्तीतल्या चार-पाच तरुणांनी एकत्र यावे. आधी म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. मूळ गाव, आज्याची टोपणनावे, आजीचे माहेर, कोण कोणत्या शाळेत गेले, कोण कोणत्या गिरणीत होते, हे मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कागदावर वंशावळ काढा, आईकडची आणि बापाकडची दोन्ही. गाव आणि अंदाजे साल हातात असल्याशिवाय कोणत्याही कार्यालयात जाऊ नका. रिकाम्या हाताने गेलात तर रिकाम्या हाताने परत पाठवतात.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, हक्क नोंदीचे जुने फेरफार, वतनाचे कागद आणि १९५१ चे रजिस्टर यांसाठी लेखी अर्ज करा. शाळेत दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. फक्त स्वतःच्या बापाचा नाही, चुलत आज्याचा आणि आत्याचाही. नकलेवर सही-शिक्का घ्या. 'अभिलेख उपलब्ध नाही' असे तोंडी ऐकून घरी येऊ नका, ते लेखी घ्या. माहिती अधिकारात विचारा की तो अभिलेख नष्ट केला असेल तर कोणत्या आदेशाने आणि कधी. सार्वजनिक अभिलेखांसाठी राज्याचा २००५ चा कायदा आहे. कागद वाळवीने खाल्ला असेल तर तो दोष अर्जदाराचा नाही, हे पडताळणीसमोर मांडायला तेच लेखी उत्तर उपयोगी पडते.

प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण तरी मोडी शिकले पाहिजेत. पैसे घेऊन वाचणारा नको, आपला माणूस हवा. विहारात रविवारी जसे वंदनेला बसतो तसे महिन्यातून एकदा मोडी वाचायला बसा.

आणि शासनाकडे आमच्या मागण्या या आहेत. अनुसूचित जाती, विमुक्त आणि भटक्यांच्या नोंदी शोधण्यासाठी शिंदे समितीसारखीच यंत्रणा उभी करा. सेटलमेंटची रजिस्टरे आणि महार वतनाचे दप्तर स्कॅन करून लोकांसाठी मोफत खुले करा. १९५१ च्या रजिस्टरमध्ये कुटुंबाचे नाव असेल तर तारखेच्या सहा महिन्यांचा बाऊ न करता ते वास्तव्याचा पुरावा म्हणून धरा. जिथे शासनाचाच अभिलेख गहाळ आहे तिथे पुराव्याचा भार शासनाने उचलावा आणि गावपातळीवर चौकशी करावी. १९५६ पूर्वी एकाच राज्यात असलेल्या गावांतून आलेल्यांना परप्रांतीय ठरवू नका.

२०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. गणक दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाची माहिती नीट द्या. धर्म बौद्ध असेल तर बौद्धच लिहून घ्या, अनुसूचित जातीची नोंदही चुकवू नका, आणि गणक स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही ना हे पाहा. ती आपल्या संख्येची लढाई आहे. पण गणक गेल्यावर त्या रात्री आपल्या घरातल्या वहीत घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मगाव, आईचे नाव आणि आजीचे माहेर लिहून ठेवा. सरकार आपला आकडा ठेवेल. नाव आपणच ठेवायचे आहे.

जय भीम!